पंख्याची वायर

आतड्याचं ऑपरेशन झालं, पोटाच्या डाव्या बाजूला संडासची पिशवी आली आणि सगळ्यात आधी मी पार्लर बंद केलं. बाभुळगावात आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत ते होतं. भुवया करायच्या म्हणजे समोरच्या बाईच्या तोंडावर वाकावं लागतं. तिचा श्वास आपल्याला लागतो, आपला तिला. वाकलं की माझं पोट तिच्या खांद्याला टेकायचं, आणि आता नेमकी तिथेच ती पिशवी होती. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं होतं की पिशवी नीट बसवली तर काही कळत नाही, बायका शेतात जातात, लग्नात नाचतात. मी हो हो म्हटलं. घरी आल्यावर शटर ओढलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, मान धरते, वाकता येत नाही.

मग एकेक करून बाकीचंही सुटलं. लग्नं, बारशी, माहेर. दुसऱ्याच्या घरी गेलं की पिशवी रिकामी करायची वेळ येणारच. ते घर, तो संडास, बाहेर थांबलेलं माणूस, दार उघडल्यावर त्याच्या नाकापाशी जाणारी हवा. या सगळ्याचा मी आधीच इतका विचार करायचे की घरातून निघण्याआधीच घाम फुटायचा. माझी धाकटी बहीण पांढरकवड्याला असते. तिचा फोन आला की मी काहीतरी कारण सांगायचे. तिलाही ते कळत होतं. पुढे पुढे ती कारण विचारेनाशी झाली आणि त्याची मला जास्त लाज वाटायची.

माझ्या नवऱ्याचा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. डीजे आले तसा तो मागे पडला, पण बॅटऱ्या, वायरी, अँप्लिफायर यांच्यात त्यांचा हात बसलेला. एक दिवस ते शाळेची जुनी मिनीबस घेऊन दारात आले. पिवळी, सीटा फाटलेल्या, मागच्या काचेवर मुलांनी कंपासच्या टोकानं ओरखडलेलं.

"हे कायले आणलं?" मी विचारलं.

"घर करू याच्यात. तुह्यं बाथरूम तुह्यासंगं येईन."

एवढंच बोलले आणि कामाला लागले. सीटा काढल्या, बिछान्याची फळी बसवली, मागे प्लायवूडची एक न्हाणी केली. तिच्यात कमोड, नळ, छताखाली पाण्याची टाकी, पाणी ओढायला छोटा पंप आणि भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा. टपावर सोलरची प्लेट टाकली. बिछान्याखाली बॅटरी ठेवली. कोणी विचारलं तर ते सांगायचे, "रिटायर झालो ना भाऊ, आता भारत पाहू." खरं कारण त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नाही. आमच्या मुलालाही नाही, तो पुण्याला असतो. मला त्यांचे उपकार वाटायला हवे होते. पण गल्लीतला माणूस गाडी पाहायला आला, न्हाणीचं दार उघडून आत डोकावला आणि "वा, एक नंबर" म्हणाला, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. माझं पोट उघडं पडल्यासारखं वाटलं मला.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते बहिणीच्या मुलीच्या साक्षगंधाला, साखरपुड्याला. बहिणीच्या अंगणाच्या कडेला, लिंबाखाली गाडी लावली. मी तीन वर्षांनी बहिणीच्या दारात उतरले होते. ती गळ्यात पडून रडली. मला मात्र एकच धास्ती, ती माझ्या डाव्या अंगाला फार दाबते आहे.

न्हाणीतला तो पंखा मी पोचल्या क्षणी लावला होता आणि बंद केलाच नव्हता. दिवसभर, रात्रभर. तो घुंघुं करत असला की मला वाटायचं, आपण झाकलेले आहोत. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगणात पाहुण्यांची वर्दळ सुरू असताना, मी न्हाणीत बसून पिशवी धूत होते. पंपाने दोन आचके दिले आणि नळ कोरडा पडला. त्याच दमात पंखाही थांबला. एवढी शांतता झाली की बाहेरच्या बायकांच्या बांगड्या ऐकू येऊ लागल्या. माझे हात भरलेले, पोट उघडं, मोबाइल बाहेर बिछान्यावर. मी दाराच्या फटीतून हळूच हाक मारली, "अवो... अवो..."

नवरा नव्हताच तिथे. बहिणीच्या सासूबाई गाडीच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"कोन वो? काय पाह्यजे?"

"पाणी," मी म्हटलं. "थोडं पाणी पाह्यजे होतं, आई."

त्यांनी सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा आवाज लावला. "अरे, गाडीतल्या बाईले पाणी द्या रे कोणी! अडकली ते आत!"

मग धावपळ. बादली कोणी भरली, कोणी आणली, काही दिसलं नाही, पण हसण्याचा आवाज आला. कशावर हसले होते कोण जाणे. लग्नघरात लोक कशावरही हसतात. बादली घेऊन सासूबाईच आत चढल्या. मी दार हातभर उघडलं. त्यांनी बादली आत सरकवली, एक नजर माझ्याकडे गेली आणि त्यांनी तोंड फिरवलं. शालीनतेनं फिरवलं की वासानं, ते मला त्या वेळी कळलं नाही आणि त्यानंतरचे कित्येक दिवस मी त्याच एका गोष्टीचा विचार करत राहिले.

जेवायच्या आधीच आम्ही निघालो. बहीण गाडीच्या दारापर्यंत डबा घेऊन आली. मी काचेतून हात केला. हायवेला ट्रकांच्या मागे गाडी लागली. यवतमाळच्या फाट्यावर नवरा म्हणाला, "माह्यी चूक झाली. बॅटरीत किती उरलं हे पाहायले काहीच नाई ठेवलं मी."

एक व्होल्टमीटर होता तसा, डॅशबोर्डजवळ. त्याच्यावर भरोसा ठेवता येत नाही हे त्यांनी मला घरी आल्यावर जमिनीवर खडूनं आकृती काढून समजावलं. सोलर चालू असलं की व्होल्ट चांगलाच दिसतो, बॅटरी आतून रिकामी का असेना. पंप लावला की खाली पडतो, बंद केला की वर येतो. त्यापेक्षा बॅटरीतून किती गेलं आणि तिच्यात किती आलं याची मोजदाद ठेवणारं यंत्र पाहिजे. बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला एक पितळी तुकडा बसतो, त्याला शंट म्हणतात. गाडीतला सगळा करंट त्याच्यातूनच ये-जा करतो आणि यंत्र ते मोजून पडद्यावर दाखवतं, बॅटरी इतके टक्के उरली.

"म्हंजे कोण किती खाते हे दिसन?" मी विचारलं.

"दिसन ना. लाइट लावला की लाइटचं दिसन, पंप लावला की पंपाचं."

पंख्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही नाही.

यवतमाळला एका सोलरवाल्याच्या दुकानात आम्ही गेलो. दुकानदार तिशीतला, उत्साही. त्याच्याकडे दोन प्रकारचे मॉनिटर होते. एक मोबाइलवर चालणारा, दुसरा वायर लावून गाडीत गोल पडदा बसवायचा. पहिला घ्या, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आपला फोन त्याने आमच्यासमोर धरला. दुकानातल्या बॅटरीचा आलेख त्यावर दिसत होता, टेकड्या आणि उतार.

"हे पाहा काकू. हा पंखा कधी लावला, किती वेळ चालला, सगळं यात राहते. महिन्याचा हिशोब पाहा. आणि हे जास्तीचं मशीन जोडलं तर काका कुठूनही पाहू शकतात. तुमचा मुलगा बाहेरगावी असन तर तोही आपल्या फोनवर पाहीन."

मी त्या उतारांकडे पाहत राहिले. पुण्याला ऑफिसच्या कँटीनमध्ये बसलेला माझा मुलगा मला दिसला, हातात फोन, आणि त्याच्या आईच्या न्हाणीतला पंखा रात्रभर चाललेला त्याला दिसतोय. आई इतक्या वेळा आत जाते. इतका वेळ थांबते.

"वायरवाला द्या," मी म्हटलं.

"काकू, तो जुना प्रकार झाला. एकाच जागी उभं राहून पाहावं लागते. फीचर पाहा ना याचे—"

"आमचा फोन जुना हाये," नवरा मध्येच म्हणाला. त्यांचा फोन मुलाने दिवाळीलाच नवा दिला होता आणि तो त्यांच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावत होता. "वायरवालाच द्या."

दुकानदाराने तो फोन पाहिला, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि वायरवाला मॉनिटर बांधून दिला. बाहेर आल्यावर नवऱ्याने समोरच्या गाडीवरून उसाचा रस घेतला, माझ्या हातात ग्लास दिला.

मॉनिटर बसवायला एक सबंध सकाळ गेली. बिछान्याची फळी वर करून ते आत वाकले होते आणि मी टॉर्च धरून उभी. आधी सोलर तोडलं, मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली. शंटचं एक तोंड बॅटरीला, दुसरं तोंड बाकी सगळ्याला. त्या दुसऱ्या तोंडावर त्यांनी एकेक काळी वायर आणून कसली. लाइटची, पंपाची, सोलरची, गाडीच्या बॉडीची. बॅटरीच्या खांबावर थेट एकही वायर राहू द्यायची नाही, राहिली तर तिचा करंट मोजला जात नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. दोन-तीन वायरी उरल्या असताना ते म्हणाले, "जा, चहा ठेव. पाठ धरली माह्यी."

चहा घेऊन आले तर फळी खाली होती आणि गोल पडदा न्हाणीच्या दाराशेजारी लुकलुकत होता. बॅटरी पूर्ण भरल्यावर पडद्यावरचा आकडा शंभर टक्क्यांवर आणून ठेवायचा, तेही त्यांनी दुपारी केलं. मग मला म्हणाले, लाव काय लावायचं ते, पाह्य. मी लाइट लावला, आकडा हलला. पंप लावला, आकडा चांगलाच उडाला. सगळं बंद केलं. मग मी त्यांच्याकडे न पाहता पंखा लावला.

आकडा शून्यावरच राहिला.

"हे काय? काहीच नाई दाखवत."

"छोटा मोटर हाये. काय खाते तो! त्याच्या मोजण्यात पण येत नाई." ते कप घेऊन बाहेर निघून गेले.

मी किती वेळ त्या शून्यासमोर उभी होते! साक्षगंधाच्या दिवसापासून मनात होतं की बॅटरी मीच खाल्ली, माझ्या त्या पंख्यानं. आणि इथे यंत्र सांगत होतं की नाही, तू काहीच घेत नाहीस. इतकं हलकं मला ऑपरेशननंतर वाटलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही जवळपास दोन-तीन ठिकाणी जाऊन आलो. पंखा मी बिनघोर चालू ठेवायचे. नवरा मात्र सकाळ-संध्याकाळ गाडीचं इंजिन थोडा वेळ सुरू करून ठेवायचे. मी विचारलं तर म्हणायचे, जुनी गाडी हाये, गरम ठेवलेली बरी. पंखा सारखी आतली ऊब बाहेर फेकायचा, म्हणून थंडीत ते कानाला मफलर बांधून झोपायचे. ते पाहून मी त्यांना म्हणायचे, म्हातारे झाले तुम्ही.

भाचीचं लग्न पांढरकवड्यालाच, हायवेजवळच्या एका लॉनवर होतं. आम्ही आदल्या दिवशी पोचलो. गाडी मागच्या कोपऱ्यात लावली. सकाळी मांडववाल्यांनी सावलीसाठी एक मोठं कापड ओढलं आणि त्याचं एक टोक आमच्या टपावरून पुढे नेऊन बांधलं. सोलरच्या प्लेटवर काही ऊन आलं नाही. त्यात वऱ्हाडाच्या गाड्या येऊन आमच्या मागेपुढे लागल्या. नवऱ्याला बहिणीच्या यजमानांनी सकाळीच उचलून नेलं, माईक खरखरत होता म्हणून. जुना धंदा, ते गेले तर रमलेच तिकडे.

लग्नाच्या थोडं आधी मी गाडीत येऊन पिशवी बदलत होते. नेसायची पैठणी बिछान्यावर काढून ठेवलेली. पंखा थांबला. नळ उघडला, पाणी नाही. लाइट लावला, लागला नाही. बाहेर येऊन पडदा पाहिला, त्याला नावापुरताच करंट लागतो म्हणून तो चालू होता. बहात्तर टक्के, असं तो शांतपणे सांगत होता.

मला वाटलं, वायर तुटली असेल कुठे. हात पुसायला टॉवेल शोधत मी बिछान्याखालचा कप्पा ओढला. तिथे पाण्याने भरलेल्या, झाकण लावलेल्या दोन बादल्या होत्या. शेजारी प्लास्टिकचा मग.

मी त्याच पाण्याने सगळं आवरलं. इतक्यात नवरा धापा टाकत आत आला. कपाळावर कुंकू, गळ्यात कोणीतरी घातलेलं उपरणं.

"पंखा बंद पळला का?" त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत.

"तुम्हाले कसं मालूम?"

ते दारातच थांबले.

"पडद्यावर बहात्तर हाये," मी म्हटलं. "आणि ह्या बादल्या कोणी ठेवल्या?"

"मीनं ठेवल्या." ते पायरीवर बसले. "पंख्याची वायर शंटवर नाई घेतली मी. बॅटरीच्या खांबावर थेट लावली. मोजलाच नाई जात तो. सकाळ-संध्याकाळ इंजिन लावून मी भरून काढत होतो. आज त्या माईकच्या नादात राह्यलं."

"काहून केलं असं?"

"तू आकडा पाह्यला असता तर पंखा बंद केला असता. मंग दार लावून घेतलं असतं. मंग म्हटलं असतं, घरीच राहतो." त्यांनी उपरणं काढून गुंडाळलं. "बाहेरून पाह्यलं मी, ते शून्य पाहून तू हसली होती. किती दिवसांनी."

त्या क्षणी मला पोटाची लाज वाटली नाही. दुसरीच लाज होती ती, जास्त खोल. हा माणूस आयुष्यभर मीटरच्या काट्यावर विश्वास ठेवत आला. एक वायर सैल राहिली तर जेवणावरून उठायचा. त्याने माझ्यासाठी आपल्याच हाताने आपलं यंत्र खोटं केलं, थंडीत मफलर बांधून झोपला, आणि मी त्याला म्हातारा म्हणत होते. माझी लाज मी एकटीच वाहते आहे असं मला वाटत आलं होतं. त्यांनाही ती बिछान्याखाली वाकून वाहावी लागत होती.

मग मी तो प्रश्न विचारला. ऑपरेशन झाल्यापासून जो कधीच विचारला नव्हता.

"अवो, वास येते का?"

ते नाही म्हणतील अशी माझी खात्री होती.

"येते कधी कधी. तू बदलते तवा. मंग जाते."

"आता?"

"आता येऊन राह्यला थोडा. खिडकी उघळू का?"

मी मान डोलावली. त्यांनी खिडकी उघडली. मांडवातून सनईची कॅसेट आणि आलू-वांग्याच्या भाजीचा वास एकदमच आत आला.

खिडकी उघडायला आणि दारावर थाप पडायला एकच गाठ पडली. बहिणीच्या सासूबाई, हातात काठी.

"बाई, तुमच्या गाडीत खुर्चीचा संडास हाये म्हने. इथले सारे खाली बसाचे. माह्ये गुडघे नाई वाकत वो. सकायपासून दाबून बसली मी."

पंखा बंद, नळ बंद, मी नुकतीच त्या न्हाणीतून बाहेर आलेली. जगातल्या कोणत्याही माणसाला त्या वेळी मी आत जाऊ दिलं नसतं, आणि त्यांना तर मुळीच नाही. पण त्यांचे पाय थरथरत होते. नवरा बाजूला झाला. मी दुसरी बादली आत ठेवली, हातात मग दिला, त्यांचा हात धरून त्यांना बसवलं आणि दार ओढून बाहेर उभी राहिले. मान खाली, कान दाराकडे. त्या आता नाक दाबत असतील, असं मला सारखं वाटत होतं.

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. चेहऱ्यावर घाम.

"लय गरम होते वो तुमच्या इथं," त्या म्हणाल्या. "पंखा-बिंखा बसवा काही." आणि काठी टेकत निघून गेल्या.

त्यांना वास आला की नाही, तोंड तेव्हा कशासाठी फिरवलं होतं, हे मला आजही माहीत नाही. नवऱ्याला मात्र हसू आलं. मला नाही आलं, निदान तेव्हा. मी पैठणी नेसले आणि मांडवात गेले. नवरीच्या मावशीला पुढे बसवतात तसं मला पुढे बसवलं. अक्षता टाकताना बाजूची बाई माझ्या डाव्या अंगाला रेटत होती. मी सरकले नाही, पण सबंध मंगलाष्टकं होईस्तोवर माझं लक्ष तिच्या नाकाकडे होतं. एवढ्या लाडक्या भाचीचं लग्न आणि तिच्या चेहऱ्याकडे मी नीट पाहिलंसुद्धा नाही.

बाभुळगावला परत आल्यावर मीच फळी वर केली. खांबावरची ती काळी वायर त्यांनी दाखवली. पाना माझ्या हातात दिला. मी ती सोडवून शंटच्या दुसऱ्या तोंडावर कसली. बोल्ट घट्ट झाला की नाही ते त्यांनी पुन्हा पाहिलंच, त्याशिवाय त्यांना राहवलं नसतं. मग मी पंखा लावला. पडद्यावर उणे चिन्ह आलं आणि पुढे जवळपास तीन अँपिअर. दिवसभर चालवला तर बॅटरी संपवायला पुरेसा.

"बरंच खाते," मी म्हटलं.

"खाते," ते म्हणाले. "पण आता मालूम हाये ना. लागन तेवढा लाव."

आता मी पिशवी बदलताना पंखा लावते आणि नंतर थोडा वेळ ठेवते. जितका लागतो त्याहून जरा जास्तच, हे मला आकड्यावरून दिसतं. ते काही म्हणत नाहीत.

मागे राजूरला गेलो होतो, नवऱ्याच्या एका जुन्या मित्राकडे. खाणीजवळचं घर, ओट्यावर कोळशाची काळी भुकटी. मित्राच्या बायकोने ज्वारीची भाकर आणि ठेचा केला, आग्रह करकरून वाढलं. मी त्यांच्या चुलीपाशी मांडी घालून जेवले. तिने विचारलं की तुम्ही पार्लर चालवायच्या म्हणे, माझ्या भुवया करून द्याल का? मी म्हटलं, पुढच्या वेळी. ती म्हणाली, हात धुवायचे तर मागे बाथरूम आहे. मी उठले, दोन पावलं गेले, आणि गाडीत एक वस्तू राहिली असं सांगून बाहेर आले. हात गाडीतच धुतले.